तान्हं बाळ, घाटाचा रस्ता, रात्रीची गाडी : वाचकांचे प्रश्न

गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत : लहान मुलांना घेऊन प्रवास. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. गणपतीला सावंतवाडीला रात्रीच्या गाडीने, थर्ड एसीने जायचं आहे. मी अंगावर पाजते, शिवाय दिवसातून दोनदा डब्याचं दूध आणि दोनदा खिमटी असते. गाडीत खाण्याचं आणि झोपेचं कसं जमवायचं? घरचे म्हणतात, गाडीत झोळी बांधू. – एक आई, डोंबिवली

आधी तिकिटाचं बघा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि गणपतीच्या कोकणातल्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणून ती तारीख आत्ताच लिहून ठेवा. ऑनलाइन तिकीट काढताना ‘किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच आरक्षण करा’ असा पर्याय असतो, तो निवडा. मिडल किंवा अपर बर्थवर बाळाला घेऊन झोपणं धोक्याचं आहे. बाळाला तिकीट लागत नाही, पण त्याचं नाव इन्फंट म्हणून भरा.

झोळी बांधू नका. गाडी रूळ बदलते तेव्हा झोळी आडवी झोकांडते आणि बाळाचं डोकं बर्थच्या कडेवर किंवा शिडीवर आदळू शकतं. दुसरा धोका चटकन लक्षात येत नाही : झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडू शकतो, आणि डब्यातले दिवे मालवल्यावर ते कुणाला दिसत नाही. बाळाला लोअर बर्थवर भिंतीकडे, पाठीवर निजवा आणि तुम्ही बाहेरच्या बाजूला झोपा. बर्थ आणि भिंत यांत फट असेल तर दुपट्याची घट्ट गुंडाळी करून तीत दाबून बसवा. उशी, शाल, सैल चादर तोंडाजवळ नको. रेल्वेच्या ब्लँकेटऐवजी घरची पातळ गोधडी घ्या आणि ती छातीपर्यंतच घाला. एसीसाठी पूर्ण बाह्यांचा सुती झबला, पायमोजे आणि वर एक थर पुरतो. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर एक थर कमी करा. बर्थ अरुंद असतो, म्हणून दोघांनी आळीपाळीने जागं राहिलेलं बरं.

आता दुधाचं. यात एक चूक फार होते : घरून दूध कालवून ते थर्मासमध्ये भरून नेणं. कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात आणि थर्मास त्यांना तासन् तास हवी तशी ऊब देतो. म्हणून पाणी वेगळं, पावडर वेगळी. चांगल्या स्टीलच्या थर्मासमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओतून टाका आणि मग खळखळ उकळलेलं ताजं पाणी भरा. पावडर प्रत्येक वेळेची मोजून कोरड्या छोट्या डब्यांत न्या. ती निदान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवायची असते, कारण पावडर निर्जंतुक नसते. एवढं गरम पाणी चांगल्या थर्मासमध्ये काही तास टिकतं. कालवल्यावर बाटली गार पाण्याच्या ग्लासात फिरवून निववा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. तयार दूध दोन तासांत संपवायचं, आणि बाळाने तोंड लावलेलं असेल तर तासाभरात; उरलेलं फेकायचं. गाडीच्या बेसिनमध्ये बाटली धुण्यापेक्षा उकळलेल्या तीन बाटल्या झाकणं लावून न्या. रात्री शक्यतो अंगावरच पाजा, तेच सगळ्यात सोपं आणि सुरक्षित.

खिमटी शिजवावी लागते, म्हणून गाडीसाठी पोह्याची पूड करा. पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजा. चार वाट्या पोह्यांना एक वाटी डाळवं घ्या, एकत्र बारीक दळा आणि चाळा. तीन टेबलस्पून पूड आणि १०० ते १२० मिली गरम पाणी ढवळून पाच-सात मिनिटं झाकून ठेवलं की मऊ पेज होते. मीठ, साखर काही नको. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. त्यातून होणारी बॉट्युलिझमची विषबाधा जिवावर बेतू शकते. ही पूड प्रवासाच्या आठवडाभर आधीपासून घरी देऊन बघा. नवा पदार्थ पहिल्यांदा गाडीत द्यायचा नाही.

कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रकात गाड्या मुळातच सावकाश धावतात आणि वर उशीरही होतो. गणपती नेमके त्याच दिवसांत येतात. म्हणून हिशोबापेक्षा सहा तासांचं दूध, पूड आणि डायपर जास्त घ्या. डायपर दर तीन तासांना एक असा धरा. एक डायपर, पुसायचं ओलं कापड, एक झबला आणि घाणेरडं कापड ठेवायला पिशवी असा एकेक संच वेगवेगळ्या पिशवीत बांधून ठेवलात, तर अंधारात एका हाताने तो काढता येतो. तुमचाही एक कुडता वरच ठेवा. बाळाने उलटी केली की बाळाचे कपडे असतात, आईचे सीटखालच्या बॅगेत तळाशी जाऊन बसलेले असतात.

मुलगी सहा वर्षांची आहे. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट सुरू झाला की हमखास उलटी. उपाशीपोटी नेलं तरी होते. – पालक, कोल्हापूर

उपाशी नेल्यानेच जास्त होते. मळमळीचं मूळ पोटात नाही, कानात आहे. आतला कान सांगतो की आपण वळतोय, आणि डोळे पुढच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले असतील तर ते सांगतात की आपण स्थिर आहोत. या गोंधळातून मळमळ होते. दोन ते बारा या वयात हा त्रास सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकांचा पुढे कमी होतो.

निघण्याआधी तास-दीड तास हलकं, कोरडं खायला द्या : अर्धी पोळी, टोस्ट, इडली. दूध, वडे, साबुदाण्याची खिचडी त्या सकाळी नको. मलकापूरला पंधरा मिनिटं थांबा, तिला खाली उतरवून चालवा आणि मग घाटाला लागा. घाटात मोबाइल, पुस्तक, चित्रं रंगवणं बंद. मागच्या सीटवर मध्ये तीन बिंदूंचा (खांदा आणि कंबर दोन्हींवरून येणारा) पट्टा असेल तर तिथे बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीवर बसवा, म्हणजे समोरची काच आणि लांबचा रस्ता दिसतो. नुसता कमरेचा पट्टा असेल तर खिडकीकडेच बसवा आणि लांबच्या डोंगराकडे बघायला सांगा. डोळे मिटून झोपली तर उत्तमच, उठवू नका. एसटीने जात असाल तर मागच्या चाकाच्या पुढची जागा धरा. बसचा शेवटचा भाग सगळ्यात जास्त झोकांडतो. गाडी चालवणाऱ्याने वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक मारू नये. नुसत्या औषधावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे आधी करून बघावं, याने बराच फरक पडतो.

उलटी अचानक आल्यासारखी वाटते, पण तिची लक्षणं पाच-दहा मिनिटं आधी दिसतात : बडबड थांबते, जांभया येतात, ओठांभोवती चेहरा पांढरा पडतो, तोंडाला पाणी सुटतं. तेव्हाच सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा. एकात एक घातलेल्या दोन जाड पिशव्या हाताशी ठेवा. उलटीनंतर चूळ भरू द्या, दहा मिनिटं काही देऊ नका आणि मग चमचा-चमचा पाणी द्या. घटाघटा प्यायला दिलं की तेही बाहेर पडतं.

औषध द्यायचंच असेल तर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या आणि निघण्याआधी अर्धा ते एक तास द्या. घाट सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुतेकदा उलटीतच जाते. प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांच्या आतल्या मुलांना देत नाहीत, म्हणून मोठीचं औषध धाकट्याला अर्धं करून देऊ नका. आलेपाकाचा तुकडा चघळायला हरकत नाही.

मुलगा अडीच वर्षांचा आहे. कार सीटमध्ये बसवलं की आकांत करतो. सासूबाई म्हणतात, पुढे माझ्या मांडीवर दे, मी घट्ट धरते. – एक आई, पुणे

सासूबाईंची माया खरी आहे, पण हातांची ताकद पुरत नाही. गाडी ५० किलोमीटरच्या वेगाने आदळली, तर १२ किलोच्या मुलाला धरून ठेवायला त्या क्षणी दोनशे किलोंच्या आसपास जोर लागतो. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर ती आधी मुलाच्या तोंडावर येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा कार सीट न लावल्यास हजार रुपये दंडही आहे. सासूबाईंना मागे, त्याच्या शेजारी बसवा. हात धरता येतो, गोष्ट सांगता येते, त्यांचाही मान राहतो.

रडण्याचं कारण आधी सीटमध्ये शोधा. खांद्याचे पट्टे चुकीच्या खाचेत असतात : मूल पुढे तोंड करून बसत असेल तर पट्टा खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित वरून यावा, मागे तोंड असेल तर खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित खालून. खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर हवा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर सैल आहे. जाड स्वेटर घालून पट्टा लावला तर घट्ट वाटतो पण सैलच असतो. स्वेटर काढून पट्टा लावा आणि वरून शाल द्या. उन्हात उभ्या गाडीत बकलाचं लोखंड चटका देतं, तेही रडण्याचं एक कारण असतं. सीट गाडीला नीट बसली आहे का हे बघायला, जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा. ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये.

मग सवय. सीट चार-पाच दिवस घरात हॉलमध्ये ठेवा, त्यात बसून खेळू द्या. नंतर दहा मिनिटांच्या फेऱ्या मारा. रडला म्हणून चालत्या गाडीत एकदा जरी बाहेर काढलंत तरी पुढच्या वेळी तो तेवढ्याच जोरात रडणार, कारण उपाय लागू पडतो हे त्याला कळलेलं असतं. गाडी बाजूला घ्या, थांबवा, मगच काढा. लांबच्या प्रवासात दीड-दोन तासांनी थांबायचंच. वापरलेली सीट घेताना ती अपघातातून गेलेली नाही याची खात्री करा आणि मागच्या बाजूची मुदतीची तारीख वाचा.

याच पत्रात स्कूटरचंही विचारलं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला जोडलेला सुरक्षा-पट्टा आणि मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम आहे.

मुलांना तिकीट कधीपासून? – वाचक, नांदेड

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट नाही. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. पाच ते बाराच्या आत बर्थ न घेता अर्धं, बर्थ घेतल्यास पूर्ण. सहा-सात वर्षांच्या मुलाला रात्रभराच्या प्रवासात बर्थ घ्याच. एका बर्थवर दोघं झोपलात तर कुणाचीच झोप होत नाही आणि दुसरा दिवस किरकिरीत जातो. एसटीत पाच वर्षांपर्यंत मोफत, पाच ते बारा अर्धं.

पुणे-दिल्ली विमानप्रवास आहे. मुलगी जाताना २३ महिन्यांची, येताना दोन वर्षं पूर्ण झालेली असेल. कानांचं काय करू? – वाचक, पुणे

वय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजतात. जाताना ती मांडीवर इन्फंट म्हणून चालेल, येताना तिचं स्वतःचं सीट लागेल. दोन्ही तिकिटं एकत्र इन्फंट म्हणून काढलीत तर परतताना काउंटरवर अडवतील. जन्मदाखला हाताशी ठेवा.

कान उतरताना दुखतात, चढताना त्यामानाने कमी. विमान जमिनीला टेकायच्या सुमारे अर्धा तास आधीच खाली येऊ लागतं, म्हणून पट्टे बांधायच्या सूचनेची वाट बघू नका. तेव्हापासून तिला बसतं धरून घोट-घोट पाणी किंवा दूध द्या. गिळताना कानातली नळी उघडते. झोपली असेल तर उठवा. सर्दी किंवा कानदुखी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाळाचं दूध आणि पाणी तपासणीच्या वेळी बॅगेतून बाहेर काढून दाखवा.

आम्ही आजी-आजोबा तीन वर्षांच्या नातवाला घेऊन एसटीने पंढरपूरला जाणार आहोत. औषधं कोणती ठेवू? – आजी, लातूर

पॅरासिटामॉल, ओआरएस आणि थर्मामीटर. एवढं पुरतं, पण पॅरासिटामॉलची बाटली नीट वाचा. सिरप ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, २५० चंही मिळतं, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. मात्रा किलोमागे जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम. नातू १३ किलोचा असेल तर २५० च्या सिरपचे साधारण पावणेचार मिली होतात आणि १२५ च्या सिरपचे साडेसात. म्हणजे बाटली बदलली की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. ज्या बाटलीतून देणार तीच डॉक्टरांना दाखवा आणि मिलीचा आकडा बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहा. दोन मात्रांमध्ये सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. चहाच्या चमच्याने नाही, सोबतच्या मापानेच द्या.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायची असते. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकली की क्षार जास्त होतात आणि जुलाब वाढू शकतात. २०० मिलीच्या छोट्या पुड्या घ्या, प्रवासात त्याच सोयीच्या. जुलाब झाल्यावर दर वेळी १०० ते २०० मिली, थोडं-थोडं करून. लघवी सहा तास झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मरगळलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि गर्दीचं. निघण्याआधी त्या दिवसाच्या कपड्यांत त्याचा फोटो काढा. चिठ्ठीवर तुमचे आणि त्याच्या आईबाबांचे फोन नंबर लिहून ती खिशाच्या आतून पिनेने अडकवा. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. नावाने हाक मारणारा ओळखीचाच असणार असं लहान मुलाला वाटतं. चुकामूक झाली तर ११२, किंवा मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन. दर्शनाच्या रांगेत तुम्हा दोघांपैकी एकाने फक्त नातवाचा हात धरायचा. पिशव्या आणि चपला दुसऱ्याकडे.