दर आठवड्याला नवा शोध लागतो, मग बाजारात काहीच का येत नाही? कंपन्या दाबून ठेवतात का?

नाही. कोणी दाबून ठेवत नाही.

प्रश्न वाचला आणि उत्तर द्यायचंच ठरवलं, कारण हाच प्रश्न माझे थोरले चुलते मला गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला विचारतात. तुम्ही तर जवळपास त्यांचेच शब्द लिहिलेत: पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी सापडली, कॅन्सर बरा करणारी पेशी सापडली, पेपरात फोटो येतो आणि मग पुढे सगळं चिडीचूप, म्हणजे तेलवाल्या नाहीतर औषधवाल्या कंपन्यांनी पैसे चारून गप्प केलं असणार. शिवाय तुम्ही विचारलंय की नवी बॅटरी येईपर्यंत इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची थांबू का. त्याचं शेवटी सांगते.

मी पुण्यात एका लॅबमध्ये सोडियम आयन बॅटरीवर पीएचडी केली. लिथियमच्या जागी सोडियम, म्हणजे मिठातला, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. २०१८ मध्ये आमचा एक शोधनिबंध छापून आला, संस्थेने प्रेस नोट काढली आणि एका दैनिकात बातमी आली, 'आता मोबाईल पाच मिनिटांत चार्ज'. सोबत माझा फोटो. आप्पांनी, म्हणजे या चुलत्यांनी, ते कात्रण साताऱ्याला नेऊन लॅमिनेट करून आणलं आणि गावाकडच्या घराच्या ओसरीवर कॅलेंडरशेजारी लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. आमच्या खानदानात पहिली पीएचडी करणारी मुलगी, त्यांना फार कौतुक होतं माझं.

आता ती बातमी नेमकी कशाची होती ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

ग्लोव्ह बॉक्स म्हणजे समोर काच असलेली एक पेटी, आत आर्गॉन वायू, आणि दोन जाड काळे रबरी मोजे, त्यात खांद्यापर्यंत हात घालून काम करायचं. सोडियमचा गोळा तेलात बुडवून ठेवलेला असतो. ब्लेडने कापला की आत चांदीसारखा लख्ख निघतो, गार लोण्यासारखा कापला जातो, आणि पेटीत जरा जरी ओल असली तर बघता बघता मळकट होतो. तो तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पापडासारखा लाटायचा आणि पंचने गोल चकती काढायची. गाडीच्या रिमोटमध्ये जो बटण सेल असतो ना, तसल्या डबीत ही चकती, तिच्यावर काचेच्या तंतूंचा कागद, इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे ज्यातून सोडियम ये-जा करतो त्या द्रवाचे, काही थेंब, त्यावर माझा कॅथोड, मग स्प्रिंग, झाकण, आणि मशिनने दाबून बंद. कॅथोड म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर काळा लेप, त्यात मी बनवलेला माल दीड मिलीग्रॅम. दीड मिलीग्रॅम म्हणजे चिमटीतही येत नाही.

तर तो सेल पाच मिनिटांत चार्ज झाला हे शंभर टक्के खरं आहे. मी स्वतः रात्री अकरा वाजता ग्राफ बघत बसले होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन सेल बनवून खात्री केली. पण लेप एवढा पातळ असल्यावर आयनला, म्हणजे विजेचा भार घेऊन फिरणाऱ्या सोडियमच्या कणाला, जायला अंतरच कुठे असतं? खऱ्या बॅटरीत लेप आठ-दहापट जाड लागतो, नाहीतर फॉइल आणि डबा यांचंच वजन होतं, माल राहतो नावाला. मी तो लेप जाड केला तेव्हा त्याच मालाला चार्ज व्हायला तासाच्या वर लागायला लागलं.

दुसरी गोष्ट, समोरच्या बाजूला अख्खी सोडियमची चकती होती, म्हणजे दर फेरीत (एकदा चार्ज होऊन उतरणं म्हणजे एक फेरी) थोडा सोडियम वाया गेला तरी चकतीतून भरपाई होत राहते आणि ग्राफ एकदम सपाट दिसतो. खऱ्या बॅटरीत हा जादा साठा नसतो. दर चार्जला ९९.९ टक्के सोडियम परत येतो असं म्हटलं तर भारी वाटतं, पण ०.९९९ चा हजारावा घात कॅल्क्युलेटरवर काढून बघा, हजार फेऱ्यांनंतर हातात ३७ टक्केच उरतात. मी चकती काढून समोर हार्ड कार्बन लावला (सोडियम नेहमीच्या ग्रॅफाइटमध्ये नीट शिरत नाही म्हणून हा लागतो), तर पहिल्याच चार्जला जवळजवळ पाचवा हिस्सा सोडियम त्या कार्बनच्या अंगावर थर बनण्यात खर्ची पडला आणि दोनशे फेऱ्यांत सेल निम्म्यावर आला. पुढची अडीच वर्षं मी तेवढंच करत होते आणि ते काही सुटलं नाही.

लेप किती जाडीचा, समोर काय लावलंय, हे सगळं शोधनिबंधात लिहिलेलं होतं. प्रेस नोटमध्ये नव्हतं. प्रेस नोट मला वाचायला दिली होती आणि मी त्यावर काही बोलले नाही, हे मला आजही टोचतं.

आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की पोरीची बॅटरी पेपरात आली आणि दुकानात आली नाही. पहिल्या वर्षी विचारलं, "काय गं, कवा येणार तुझी बॅटरी?" तिसऱ्या वर्षी म्हणाले, "इकली असणार तुझ्या सरांनी कुणाला तरी." मी चिडून काहीतरी बोलले, आई मध्ये पडली.

मग २०२० मध्ये त्यांच्या धाकट्याला, माझ्या चुलतभावाला, ब्लड कॅन्सर निघाला. बी सेल एएलएल, झपाट्याने वाढणारा एक प्रकार. बावीस वर्षांचा होता. केमोने बरा झाला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात परत उलटला. आप्पांनी तेव्हा एक कात्रण मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, रक्तातल्याच पेशी काढून त्यांना कॅन्सर मारायला शिकवतात अशी बातमी होती, आणि खाली लिहिलं होतं, ही पेशी कुठं मिळते बघ, पैशाचं मी बघतो. मी बॅटरीवाली, मला त्यातलं काय कळतंय, पण मी वाचलं, फोन केले. ही कार-टी सेल थेरपी, खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात तिची ट्रायल चालू होती, आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटाचे डॉक्टर मिळून करत होते, पहिल्या पेशंटला जून २०२१ मध्ये दिली होती. आमच्याकडचे कागद पाठवायची तयारी सुरू होती तेवढ्यात भावाच्या छातीत इन्फेक्शन झालं. नोव्हेंबरात तो गेला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच थेरपीला, नेक्सकार१९ला, सरकारची मंजुरी मिळाली. पंधरा वर्षांवरच्या पेशंटसाठी, त्याच आजारासाठी. त्या दिवाळीला आप्पांनी बॅटरीचं काढलंच नाही. मला एकच विचारलं, "औषध होतं ना गं तेव्हाच? मग एक वर्ष आधी का नाही दिलं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. इथं देते.

कारण तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं की ते औषध आहे. कार-टीची पहिली कल्पना इस्रायलमध्ये झेलिग एशहार यांनी १९८९ च्या सुमाराला मांडली. त्यानंतर तेवीस वर्षांनी, २०१२ मध्ये, फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला कार्ल जून यांच्या टीमने ती दिली, ती या आजाराची पहिली लहान पेशंट. आणि ती मरणाच्या दारात गेली. आत सोडलेल्या पेशींनी कॅन्सरवर एवढा हल्ला चढवला की तिचं अख्खं शरीर पेटलं, ताप, व्हेंटिलेटर. रक्तात आयएल-६ नावाचं प्रथिन भयंकर वाढलेलं निघालं. त्याला अडवणारं एक औषध संधिवातासाठी वापरतात हे जून यांना माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. ते दिलं आणि काही तासांत ती सावरली, सातव्या वाढदिवसाला शुद्धीवर आली. आता विचार करा, जून यांच्या मुलीला दुसराच कुठला आजार असता तर? एमिली गेली असती आणि बहुतेक ही थेरपीही तिथेच बंद पडली असती. अमेरिकेत मंजुरी मिळाली ती २०१७ मध्ये. म्हणजे खारघरला २०२१ मध्ये जो पहिला पेशंट झोपला होता त्याला डॉक्टर छातीठोकपणे काही सांगू शकत नव्हते, भारतात बनवलेल्या या पेशी माणसात कशा वागतील हे कळायला माणसांनाच द्याव्या लागतात, मोजक्या, एकेकाला, आणि थांबून बघावं लागतं. त्या ट्रायलचे आकडे २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आले, ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांतल्या ७३ टक्के पेशंटना गुण आला. म्हणजे चारातल्या एकाला नाही आला. आप्पा, हे ते एक वर्ष.

आणि उशीर काय फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. लिथियम बॅटरीचा कॅथोड जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञांनी ऑक्सफर्डला १९८० मध्ये शोधला, सोनीने बॅटरी बाजारात आणली १९९१ मध्ये. कॅटलिन कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांचा एमआरएनएचा (कोविडच्या काही लसी ज्यावर बनल्या त्या तंत्राचा) मूळ शोधनिबंध २००५ चा, लस आली २०२० मध्ये, नोबेल २०२३ मध्ये, आणि त्या निबंधाच्या दहा वर्षं आधी कारिकोंना विद्यापीठाने खालच्या पदावर टाकलं होतं कारण अनुदान मिळत नव्हतं. कंपनीने दाबलं नव्हतं हो, कोणाला पटलंच नव्हतं. माझ्या मते शोध मरतात ते असेच, पैसे नाहीत, स्कॉलरशिप सहा-सहा महिने रखडते, पोरं नोकरी धरून निघून जातात. मीही गेलेच. दाबून ठेवायला आधी कोणीतरी त्यात मोल बघावं लागतं.

आता प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात ज्या मी आप्पांशी भांडताना कधी कबूल केल्या नाहीत. एक, लिथियम बॅटरीचं अगदी सुरुवातीचं काम व्हिटिंगहॅम या शास्त्रज्ञांनी केलं ते एक्झॉन या तेल कंपनीत, आणि कंपनीने काही वर्षांत ते गुंडाळलं. दाबायला नाही, धंदा दिसेना म्हणून, पण लोकांना बॅटरी मिळायला दहा वर्षं लागली ती लागलीच. दुसरी, किंमत. नेक्सकार१९ तीस-चाळीस लाखांच्या घरात जाते, अमेरिकेत अशाच उपचाराला तीन-चार कोटी लागतात म्हणून आपण स्वस्त म्हणतो. तीन एकर आल्याच्या रानावर घर चालवणाऱ्या माणसाला "मंजूर झालंय" आणि "दाबून ठेवलंय" यात काय फरक पडतो? इथे आप्पांचं बरोबर आहे.

बाकी बातमी वाचताना माझं ऐकाल तर एवढं बघत जा. बॅटरीची असेल तर सेल केवढा होता आणि किती फेऱ्या चालला. औषधाची असेल तर उंदरावर की माणसावर, आणि माणसावर तर किती जणांवर, कारण माणसांवर चाचणी सुरू झालेल्या दहा औषधांतलंही जेमतेम एक बाजारापर्यंत पोचतं. बातमीत हे नसेल तर ती बातमी माझ्या कात्रणासारखी समजा. आणि तुमच्या घरात कोणी संशोधन करणारं असेल तर दर दिवाळीला "कुठं गेला तुझा शोध" विचारू नका, त्यापेक्षा काय बिघडलं ते विचारा. मला आजवर घरातल्या कोणीही विचारलेलं नाही.

हां, स्कूटर. थांबू नका, घेऊन टाका. सोडियम खरंच येतोय, चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केला, डिसेंबर २०२३ मध्ये तिकडे सोडियम बॅटरीची गाडी कारखान्यातून बाहेर पडली आणि त्याच महिन्यात इथे पुण्यात केपीआयटी या कंपनीने आयसर या विज्ञान संस्थेबरोबर तयार केलेलं तंत्रज्ञान लोकांसमोर आणलं. पण तो लिथियमपेक्षा जड आहे, आधी तो सोलरची वीज साठवायला वगैरे जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. तुम्हाला स्कूटर निवडायची असेल तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाली बघा, जरा जड असते पण जास्त वर्षं टिकते आणि तिला आग लागायची भीती कमी. ती केमिस्ट्रीसुद्धा १९९७ च्या शोधनिबंधातली आहे.