भाईंचं ‘नाही’

साखळी

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तलाठी म्हणून तुझी नेमणूक आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात झाली हे कळलं, बरं वाटलं. आपल्या तलाठी भाईंसारखं काम करायचं तर काय करावं, असं तू फोनवर विचारलंस. ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

भाई गेल्यावर कचेरीत शोकसभा झाली, तिथं तू नव्हतीस ते एका परीनं बरंच झालं. जो उठला त्यानं हेच सांगितलं की या माणसानं जन्मात कुणाला ‘नाही’ म्हटलं नाही. मी मागं बसून ऐकत होतो. मी पाहिलेल्या सरकारी माणसांत सर्वांत जास्त वेळा ‘नाही’ कोणी म्हटलं असेल तर ते भाईंनीच. माणूस गेला की त्याला साखरेत घोळवायची आपल्याला खोड आहे. त्या घोळात त्याचं खरं काम मात्र झाकून जातं.

मामलेदार कचेरीत लोकांचा जीव जातो तो ‘नाही’ने नव्हे, ‘बघूया’ने जातो. साहेब रजेवर आहेत, फाईल वर गेलीय, सोमवारी या. सुर्लाचा माणूस घाट उतरून, बस बदलून वाळपईला येतो, रोज बुडवतो आणि ‘बघूया’ घेऊन परततो. भाई त्याचे कागद तिथंच उघडायचे आणि नजर वर करून म्हणायचे, “हे असं होणार नाही.” मग कारण सांगायचे. मग काय केलं तर होईल, कुठल्या कचेरीत, कुठला कागद घेऊन, हे वापरून झालेल्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहून द्यायचे. अक्षर मोठं, ओळी सुट्या, म्हणजे घरी चौथीतल्या नातवालाही वाचता येईल. त्या चिठ्ठ्या लोक रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवत.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. भाईंनी अर्ज कधी अडवला नाही. निकाल द्यायचा तो मामलेदारांनी, तलाठ्यानं नव्हे. “कायदा असं म्हणतो, तरी अर्ज द्यायचा असेल तर द्या, आवकचा शिक्का मारून पोच घेऊन जा,” असं ते स्वतः सांगत. ‘नाही’ म्हणणं वेगळं आणि वाट बंद करणं वेगळं.

एकदा एक जण मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, म्हणून नोंद हवी म्हणून आला. बाप भाटकाराकडे, म्हणजे जमीनमालकाकडे, पगारी राखणदार, आणि भाटकाराच्या आवारातल्याच खोलीत राहायचा. 1975 चा मुंडकार कायदा भाटकाराच्या संमतीनं कायमची वस्ती केलेल्याला राखतो. भाडं भरून राहणारा किंवा पगारावर मालकाच्या आवारात राहणारा त्यात बसत नाही. भाईंनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं. त्या गड्यानं भर बाजारात त्यांना शिव्या घातल्या. दोन-तीन वर्षांनी पुतण्याच्या वाटणीचा प्रश्न निघाला तेव्हा त्याच माणसानं पुतण्याला कुणाकडे धाडलं असेल ते तूच ओळख.

आता दुसरी बाजू. डिचोली तालुक्यातल्या एका म्हातारीचं घर भाटात, म्हणजे भाटकाराच्या बागायतीत होतं. भाटकाराचे वारस काही मुंबईत, काही लिस्बनला. सर्व्हे झाला तेव्हा घर नकाशावर आलं, पण एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीवरच्या हक्कांच्या, उताऱ्यात म्हातारीच्या नवऱ्याचं नाव चढलंच नाही. वारसांचा मुखत्यार म्हणत होता, ही बाई कालपरवा आलीय. भाईंबरोबर त्या दिवशी मीही गेलो होतो. ते आधी घरात शिरलेच नाहीत, भोवती फिरले. जोत्याचे चिरे बघितले, त्यांवर शेवाळाचे थरावर थर. न्हाणीचं पाणी जिथं सुटायचं तिथले माड बघितले, खोडावरच्या खाचा हातानं चाचपल्या. मग टेप काढून भिंती मापल्या, पडवी मापली, तुळशीपर्यंतचं अंतर घेतलं. घरपट्टीच्या पावत्या, मुलाचा शाळेचा दाखला, जुनं वीज बिल यांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. शेजाऱ्यांचे जबाब घेतले, त्यातला एक मुखत्याराच्या नात्यातला. अहवालात ‘बरीच वर्षे’ हा शब्द कुठंही नव्हता. ते प्रकरण पुढं किती तरी साहेबांच्या हातून गेलं, वकील बदलले, म्हातारी वारली. अहवाल मात्र कुणाला हलवता आला नाही. सुनेच्या नावानं घर आणि घराखालच्या जमिनीसकट 300 चौरस मीटर जागा घेता आली.

त्या दिवशी भाईंनी म्हातारीकडे पाणी प्यायलं, आणि लगेच जाऊन मुखत्याराकडेही प्यायलं. एकीकडे घोट घेतला की दुसरीकडे घ्यायचाच, नाहीतर दोन्हीकडे तहानलेलं राहायचं, हा त्यांचा नेम. कचेरीत कुणी भिरंडांची सोलं किंवा केळ्यांचा फणा आणला की त्याच पावली परत. तू बाईमाणूस, तुला तर ‘बाय, घरच्या आहेत’ म्हणून जास्तच आग्रह होईल. हसून परत कर, पण परत कर.

सत्तरीत तुला आल्वारा आणि मोकासो हे शब्द रोज ऐकू येतील, जुन्या राजवटींत बहाल झालेल्या जमिनींचे हे प्रकार. लोक पिढ्यान् पिढ्या काजू लावून बसलेले, आणि मालकीच्या रकान्यात भलतंच नाव. डिचोलीतल्या मये गावात मालक गोवा मुक्तीनंतर निघून गेला आणि अख्खा गाव ‘इव्हॅक्यू’ म्हणजे देश सोडून गेलेल्याच्या मालमत्तेच्या नावाखाली अडकला. त्यासाठी खास कायदा व्हायला 2014 साल उजाडलं. हे प्रश्न तलाठ्याच्या टेबलावर सुटत नाहीत. सुटतील असं कुणाला भासवू नकोस, मग तो कितीही रडो किंवा कुणाचंही नाव सांगो. पण कोण कुठं कसतो, झाडं किती वर्षांची, हे तू आज खरं लिहून ठेवलंस तर ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी तोच कागद उपयोगी पडेल.

भाईंचा आणखी एक हट्ट होता, बायकोच्या नावाचा. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत सामायिक, निम्मी निम्मी. विकायची तर दोघांची सही लागते. तरी उताऱ्यावर बघशील तर नुसता नवरा. फेरफाराचा अर्ज आला की भाई विचारत, “आणि घरकान्न?” पुरुष हसत, भाई हसत नसत. बायकोचं नाव त्याचवेळी लागलं तर पुढचे वारसांचे अर्धे तंटे उभेच राहत नाहीत. हे तू विचारशील तेव्हा जास्त खुपेल. तरीही विचार.

पावसातल्या पंचनाम्याचं एक सांगतो. घरावर झाड पडलं की लोक आधी कौलं गोळा करतात, वासे बाजूला काढतात. राहायचं असतं त्यांना. तू दोन दिवसांनी गेलीस तर नुकसान दिसणारच नाही आणि मग माणूस खोटा ठरेल. त्याच दिवशी जा. जमत नसेल तर पंचायत सचिवाला फोन करून फोटो काढून ठेवायला सांग.

देवस्थानांच्या वादात मात्र जपून. मामलेदार देवस्थानांचा प्रशासक असल्यामुळे जत्रेच्या किंवा समितीच्या निवडणुकीच्या दिवशी तुला तिथं कामाला धाडतील. तिथं कायद्यापेक्षा मान मोठा असतो. पालखी आधी कुणाच्या दारी, यावर मत देऊ नकोस. भाईंसारखा माणूसही तिथं फक्त घड्याळाकडे बघायचा.

एका बाबतीत मात्र भाईंचा कित्ता गिरवू नकोस. ते फायली घरी नेत. रजा घेत नसत. साखर वाढलेली असताना उन्हातान्हात हद्दी चालत फिरले, डॉक्टरची तारीख दर वेळी पुढं ढकलली. शोकसभेत याचीच सर्वांत जास्त वाहवा झाली, आणि मला तिथंच राग आला. त्यांच्या बायकोनं आणि लेकीनं त्या सेवेची किंमत मोजली, त्यांचं नाव कुणी काढलं नाही. कचेरीचं काम कचेरीत संपव. नाही संपलं तर साहेबांना लेखी कळव की एका माणसाकडे इतकी गावं झेपत नाहीत. हे भाईंनी कधी केलं नाही, आणि करायला हवं होतं.

त्यांच्या दोन वह्या आहेत. कुठल्या गावात कुठल्या सर्व्हे नंबरला कसली भानगड, कुणाचं नाव पोर्तुगीज कागदात कसं लिहिलंय आणि एकाच नाईकाचे उताऱ्यावर तीन नाईक कसे झाले, हे सगळं त्यात आहे. त्यांच्या लेकीशी बोललो. वह्या तुला वाचायला द्यायला ती तयार आहे, पण झेरॉक्स काढायची नाही म्हणाली, त्यात लोकांची घरची भांडणं आहेत. तिचं बरोबर आहे. श्रावण लागायच्या आधी एखाद्या रविवारी इथं ये. आपण दोघं तिच्याकडे जाऊ, आणि दुपारी आमच्याकडे जेवून जा. मासळी मिळाली तर मासळी, नाहीतर तुझ्या काकूची अळसांद्यांची उसळ आहेच. येताना स्वतःची टेप घेऊन ये. कचेरीतली टेप पहिल्या मीटरवर तुटलेली असते.

तुझा,
काका