क्लास लावायचा म्हणजे पुण्यालाच जायचं का?

प्रश्न : माझी मुलगी बीए झाली, आता राज्यसेवेचा अभ्यास करतेय पण घरी बसून, ऑनलाइन. लॉकडाऊनमध्ये इलाज नव्हता, ठीक होतं. आता शेजारची पोरं पुण्याला सदाशिव पेठेत राहून क्लास करतात आणि ही म्हणते मला इथेच बरं. पैशाचं टेन्शन घेऊ नको म्हटलं तरी ऐकत नाही. टाळाटाळ तर नाही ना ही? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, टाळाटाळ करायचीच असती तर ती पुण्यात जास्त सोयीची, तिथं विचारायला कोण असतं! कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिकेची फी आणि वर क्लासची फी, हे सगळं भरून पोरं मोठ्या बॅचमध्ये मागच्या बाकावर बसतात आणि सरांना समोरच्या स्क्रीनवरच बघतात. मग तेच घरी बघितलं तर काय बिघडलं? शिवाय अर्थशास्त्रातलं राजकोषीय तूट वगैरे डोक्यावरून गेलं की घरी मागं घेऊन तीनदा ऐकता येतं, आणि इतिहासाचा येतोय तो भाग दीडपट स्पीडने उरकता येतो, भर वर्गात "सर परत सांगा" म्हणायला किती मुली हात वर करतात सांगा. मुलं ऑनलाइन सोडत नाहीत त्याचं मला वाटतं हेच मोठं कारण, पैसे वाचतात ते नंतरचं.

पण एक गोष्ट बघाच. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, एकूण ९ पेपर, त्यातल्या ७ पेपरचे १७५० मार्क मेरिटला धरतात, म्हणजे पर्याय निवडून गोल काळे करायचे दिवस गेले, पानंच्या पानं हाताने लिहायची. व्हिडिओ कितीही बघितले तरी हात वळत नाही, आणि त्याच मोबाइलमध्ये रील्सही असतात (आपणही बघतोच की).

तेव्हा तिला पुण्याला जा म्हणू नका, मागच्या आठवड्यात लिहिलेली उत्तरं दाखव म्हणा. लाल पेनाने कुणी तपासलेली असतील तर निर्धास्त राहा. नसतील तर उत्तरं तपासून देणारी टेस्ट सिरीज लावून द्या, तीही ऑनलाइन मिळते, वहीचे फोटो काढून पाठवायचे. मुलाखतीची वेळ आली की मॉक इंटरव्ह्यूला थोडे दिवस पुण्याला जाऊन येईल, त्यासाठी आत्तापासून खोलीचं भाडं कशाला भरायचं?