आई एकटी राहते, पण कॅमेरा नको म्हणते

"आई एकटी असते. रात्री बाथरूमला जाताना पडली तर मला कळणार कसं? कॅमेरा लावला, तर ती त्यावर टॉवेल टाकते. हट्टीपणाच झाला ना हा?" समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींकडून ही तक्रार वरचेवर ऐकू येते. इथे सांगितलेलं प्रकरण त्यातलंच एक. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला, आई ७६ वर्षांची, हिंडती-फिरती. आईशी वेगळं बोलल्यावर टॉवेलचा अर्थ लागला. "माझ्याच घरात मी चोरासारखी वावरू का?" असं तिने विचारलं. आपला खासगीपणा इतक्या ठामपणे जपणाऱ्या बाईला हट्टी म्हणणं हा अन्याय आहे.

शिवाय मुलीच्या भीतीला कॅमेऱ्याने उत्तर मिळतच नव्हतं. बाथरूममध्ये तो लावता येत नाही आणि बाकी ठिकाणचं चित्र कुणीतरी सतत बघत बसावं लागतं. गळ्यातल्या मदतीच्या बटणावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. केंब्रिजमधल्या नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा एक अभ्यास २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. वर्षभरात जे पडले, त्यांतले ३० टक्के लोक तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिले होते. मदतीचं बटण असूनही अशा बहुतेक वेळी ते वापरलं गेलं नव्हतं. म्हणजे पडलेल्या माणसाने काहीही न करता निरोप जायला हवा.

"मुलीला तुमच्याबद्दल काय कळलेलं चालेल?" या प्रश्नावर आईने लगेच उत्तर दिलं, "मी सकाळी उठले आणि धड आहे, एवढं कळू दे. कोण आलं, कधी झोपले, ते नको." पुढचं सगळं याच उत्तरावर बेतलं. ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्येच अशी विजेची किटली आणली होती, जिच्या वापराची खबर दूरच्या नातेवाइकांना मिळे. आता तेच काम घरच्या घरी, थोडक्या सामानात होतं.

सामान असं: सतत चालू राहील असा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) किंवा जुना लॅपटॉप, त्यावर घरातली उपकरणं एकत्र जोडणारं 'होम असिस्टंट' हे मोफत सॉफ्टवेअर, झिग्बीचा (सेन्सरशी बिनतारी बोलणारा) यूएसबी डोंगल, बेडरूम, पॅसेज आणि स्वयंपाकघरात अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा एकेक मोशन सेन्सर, मुख्य दाराला उघडझाप टिपणारा चुंबकी सेन्सर आणि पलंगाजवळ एक बटण. जुना लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी वीज गेल्यावर थोडा वेळ तग धरते, मात्र राउटरला छोटा यूपीएस लागतोच. नोंदी घरातल्या कॉम्प्युटरवरच राहतात आणि मूळ सेटिंगनुसार १० दिवसांनी पुसल्या जातात. आईला हे पडद्यावर प्रत्यक्ष दाखवलं, तेव्हाच ती बेडरूमच्या सेन्सरला तयार झाली.

मोशन सेन्सर साधारण २ मीटर उंचीवर लावा. माणूस त्याच्या समोरून आडवा जायला हवा, कारण सरळ त्याच्या दिशेने चालत येणारा माणूस त्याला उशिरा जाणवतो. खिडकीच्या उन्हासमोर लावू नका. स्थिर बसलेलं माणूस त्याला दिसत नाही आणि खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ गेलं की तो आणखी मंदावतो. म्हणून दुपारच्या शांततेवर नियम बांधू नका.

पहिले दोन आठवडे नुसत्या नोंदी घेतल्या, एकही सूचना पाठवली नाही. आई साडेसहा ते साडेसात या वेळात उठते हे त्यातून दिसलं. मग दोनच नियम ठेवले. सकाळी ९ पर्यंत कुठेच हालचाल नाही, किंवा रात्री पॅसेजमध्ये हालचाल झाली आणि पुढच्या ४५ मिनिटांत बेडरूममध्ये झाली नाही, तर आधी आईच्याच फोनवर घंटी वाजते. तिने १० मिनिटांत बटण दाबलं नाही, तरच मुलीला निरोप जातो. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याबद्दलची खबर आधी आपल्याला मिळते म्हटल्यावर पाळत ठेवल्याची भावना पुष्कळ कमी होते. मुख्य दार उघडून मिटलं आणि नंतर आत हालचाल नाही, तर आई बाहेर गेली असं धरून नियम थांबतात.

बिघाड बहुतेक ठरलेले असतात. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टला थेट खोचला की त्या पोर्टमुळे २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे झिग्बीच्याच रेडिओलहरींवर, गोंगाट होतो आणि सेन्सर अधूनमधून गायब होतात. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून तो लांब ठेवा. रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड सततच्या लिखाणाने खराब होतं, त्याऐवजी एसएसडी (जास्त टिकणारी साठवणीची डिस्क) बरी. सगळ्यात घातक म्हणजे संपलेला सेल. बंद पडलेला सेन्सर आणि निपचित घर यांत यंत्राला फरक दिसत नाही, म्हणून सेल उतरल्याची सूचना वेगळी हवी. 'यंत्रणा चालू आहे' असा एक निरोप मुलीला रोज ठरल्या वेळी जातो. तो आला नाही तर यंत्र बंद असेल असं समजून ती आईला फोन करते.

मुलीसाठीही एक मर्यादा घालावी लागली. आईच्या हालचालींचा आलेख उघडून बघायची सोय मिळताच ती ऑफिसातून तो सारखा बघू लागली आणि काळजी कमी होण्याऐवजी वाढली. तिच्या फोनवर फक्त सूचना ठेवल्या, आलेख काढून टाकला. संध्याकाळचा फोन मात्र रोजचा ठेवला, पण "गोळी घेतलीस का, पडली नाहीस ना" ही उलटतपासणी त्यातून वगळायची, असं ठरलं.

निरोप मिळाल्यावर दारात कोण जाणार, हे न ठरवताच बरीच कुटुंबं सेन्सर विकत घेतात. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवली, पण आई रात्री आतून कडी लावते, मग किल्ली काय कामाची? कडी काढून दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारं कुलूप बसवलं. बाथरूमलाही बाहेरून उघडता येईल अशी खिट्टी लावली. नंतर आईला सांगून एकदा रंगीत तालीम केली. तिने मुद्दाम बटण दाबलं नाही. मुलीला निरोप वेळेवर गेला, पण काकूंचा फोन सायलेंटवर होता. त्यामुळे यादीत दुसऱ्या शेजाऱ्यांचं नाव आणि किल्ली वाढवली, आणि अशी तालीम दर तीन महिन्यांनी करायचं ठरलं.