पावसात मागच्या खोल्यांचं नेट जातं, स्पीडही 100 एमबीपीएसच्या वर नाही. केबल बदलू का?

तुमच्या लिहिण्यावरून: मालवणजवळ होमस्टे, राउटरपासून मागच्या खोल्यांपर्यंत माडांवरून ओढलेली कॅट-6 नेटवर्क केबल, टोकाला पीओई इंजेक्टरवर (नेटच्याच केबलमधून वीज पाठवणारा डबा) चालणारा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा. पूर्वी लिंक 1000 ची होती, आता 100 ची. पाऊस लागला की तीही तुटते.

केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे वजा करा. 100 मीटरच्या आत असाल तर लांबीचा प्रश्न नाही.

1000 वरून 100 वर येणं ही मोठी खूण आहे. 100 ला क्लिपमधल्या फक्त 1, 2, 3 आणि 6 या पिना पुरतात, 1000 ला आठही लागतात. म्हणून माझा पहिला संशय उरलेल्या चार तारांवर, म्हणजे निळ्या आणि तपकिरी जोडीवर. पीओईची वीज पुष्कळदा याच जोड्यांतून जाते. खारी ओल आणि वीज एकत्र आली की पिना भराभर हिरव्या पडतात. जोडीतली एक तार गेली तरी दुसरीवर वीज चालू राहते, त्यामुळे ॲक्सेस पॉइंटचा दिवा जळताना दिसतो आणि आपण फसतो.

वीज बंद करून दोन्ही टोकांच्या क्लिपा (आरजे-45 प्लग) कापा. तार काळी दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. पात्याने खरवडून बघा: आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्यावर नवीन क्लिप मारण्यात अर्थ नाही, किनाऱ्यावर ती टिकत नाही.

क्रम दोन्हीकडे एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका आणि बाहेरचं आवरण क्लिपच्या आत दाबलं गेलंच पाहिजे.

भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी तिथेच ठिबकेल. आवरणाला कुठे चीर असेल तर पाणी आतून थेट क्लिपपर्यंत उतरतं. तेवढ्यापुरती टेप गुंडाळून भागत नाही, अख्खी केबल बदलावी लागते.

बदलायचीच झाली तर दोन इमारतींमध्ये तांबं नको, फायबर टाका, स्टीलची तार नसलेली. जवळ वीज कोसळली की तांब्यातून दोन्हीकडची उपकरणं जातात. एका धाग्यावरचे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्क केबल जोडणारे डबे) ए आणि बी अशी जोडी बघूनच घ्या. दोन्ही ए असले तर लिंक येणार नाही. ॲक्सेस पॉइंटचा इंजेक्टर मग मागच्या खोलीतच ठेवा, कारण फायबरमधून वीज जात नाही.