मुंबई ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर किती आणि पोचायला किती तास लागतात?

थेट विमानानं अंतर साधारण १२,५४० किलोमीटर. जाताना १५ ते १७ तास, येताना १४-१५. तुमचे आई-वडील सांगलीहून पहिल्यांदाच आणि दोघंच निघालेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी आई सांगलीच्या विश्रामबागेतून याच वाटेनं गेली आहे.

भिंतीवरच्या नकाशात दोन शहरांमध्ये पट्टीनं रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत अटलांटिक ओलांडते. विमान तिकडून जात नाही. आईला हे पटेना. मग मुलाचा पृथ्वीगोल घेतला आणि गजऱ्याचा दोरा मुंबईवर अंगठ्यानं दाबून न्यूयॉर्कपर्यंत ताणला. ताण दिला तसा दोरा वर सरकला, रशिया, फिनलंड, आइसलंडवरून फिरून खाली आला. गोलावर जवळची वाट तीच, आणि वरचा आकडा त्या दोऱ्याचा आहे. एखाद्या देशानं हवाई हद्द बंद केली की विमान वळसा घालतं आणि तास वाढतात.

येताना वेळ कमी लागतो तो वाऱ्यामुळं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते समोरून, येताना पाठीमागून. हिवाळ्यात जोर जास्त.

दुबईमार्गे तिकीट स्वस्त मिळालं तर अंतर फार वाढत नाही, चारेकशे किलोमीटरच. वेळ खातो तो मधला थांबा. वयस्कर माणसांना तिथं गेट शोधत चालावं लागतं, म्हणून माझं मत थेट विमानाचंच. नाहीच जमलं तर बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागून ठेवा.

आता खरी मेख तिकिटावरच्या वेळांची. त्या त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. समजा जुलैत मुंबईहून रात्री १ ला निघालं आणि १६ तास लागले, तर उतरताना तिथं त्याच तारखेचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. वजाबाकी केली तर साडेसहाच तास दिसतात! उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

आणि तारीख. आईचं विमान १४ तारखेला रात्री १ चं होतं, आम्ही गाडी ठरवली १४ च्या सकाळची. शेजारच्या काकांनी तिकीट हातात घेतलं आणि म्हणाले, "अरे, हे १३ च्या रात्रीचं आहे." दोनच दिवस उरले होते. माझ्या पोटात गोळा आला होता, अजून आठवतो. तुमचं तिकीट आजच परत वाचा.

सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर, आठ-नऊ तास धरा. खंबाटकी घाटात नाहीतर पनवेलच्या पुढं अडकलात तर जास्त. विमानतळावर तीन-चार तास आधी पोचायचं. म्हणजे रात्री १ च्या विमानासाठी आदल्या दिवशी सकाळी नऊच्या आत हायवेवरचा पेठ नाका सोडलेला बरा. घरातून निघाल्यापासून न्यूयॉर्कला उतरेपर्यंत बत्तीस-चौतीस तास होतात.

या बत्तीस-चौतीस तासांत बीपी-शुगरच्या गोळ्यांचा घोळ होतो. कुठली गोळी कुठं घ्यायची, विमानात की उतरल्यावर, हे डॉक्टरांकडून मराठीत एका चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठी आणि गोळ्या हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नको.