माइक थांबेल, आधी सोनं सोडवा

दिग्रस तालुक्यातल्या 29 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. पाच एकर कोरडवाहू वावर, घरात पत्नी आणि लहान मुलगी. गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतात, स्वतः भजनं रचतात आणि आता ती घरीच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची म्हणतात. त्यासाठी नवा लॅपटॉप, माइक, स्पीकर असा 1 लाख 60 हजारांचा संच ‘बिनव्याजी’ 24 हप्त्यांवर घ्यावा का, हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय: ‘पीककर्जाच्या वेळी बँकेनं वर्षाला 50 हजारांची एफडी काढून दिली, पाच वर्षांत दुप्पट. दुसरा हप्ता बायकोचं सोनं ठेवून भरला. जूनमधला तिसराही तसाच भरीन.’

भाऊ, स्टुडिओचं नंतर पाहू. तुम्ही जोडलेला फोटो विमा पॉलिसीचा आहे. त्यावर स्पष्ट छापलंय: हप्ते दहा वर्षं, पैसे पंधराव्या वर्षी, रक्कम साडेआठ लाख. पाच लाख भरून पंधरा वर्षांनी साडेआठ, म्हणजे परतावा जेमतेम 5 टक्के. सोनेतारणाचं व्याज तुम्ही महिना दीड टक्का लिहिलंय, म्हणजे वर्षाला 18. त्या 50 हजारांवर वर्षाला 9 हजार व्याज भरून तुम्ही अडीच हजार कमावताय. पीककर्ज मागायला आलेल्या कास्तकाराच्या गळ्यात एफडी म्हणून पॉलिसी मारणं ही सरळ फसवणूक आहे. कर्जासाठी अशी पॉलिसी घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही.

तिसरा हप्ता भरू नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. तेवढ्यात विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली (मुदतीआधीच बंद केली) तर किती मिळतील, आणि पेडअप ठेवली (पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली) तर शेवटी किती. दोन हप्त्यांनंतर किमान 30 टक्के, म्हणजे 30 हजार मिळायला हवेत. जास्तही मिळू शकतात. 70 हजार बुडाल्याचं दुःख होईल, पण पुढचा हिशेब बघा. उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये (सरकारी बचत योजनेत) आजच्या 7.1 टक्के दरानं टाकले, तर तेवढ्याच काळात पावणेआठ लाखांच्या आसपास होतात, पॉलिसीच्या साडेआठ लाखांपेक्षा थोडे कमी, पण हातात आलेले 30 हजार आजच सोनेतारणाचं 18 टक्के व्याज वाचवतात. शिवाय बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी पीपीएफमध्ये 500 रुपये टाकूनही खातं चालू राहतं. पॉलिसीला तेवढी दयामाया नसते.

ते 30 हजार थेट सोनेतारणात भरा. एफडी सांगून पॉलिसी विकल्याची तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

घरात लहान मुलगी आहे आणि या पॉलिसीचं विमाछत्र फक्त पाच लाखांचं, सरेंडर केली की तेही जाईल. निदान बचत खात्यातून वर्षाला 436 रुपये कापून 2 लाखांचं छत्र देणारी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना तरी लगेच घ्या. उत्पन्नाचा पुरावा जमला की मोठा टर्म प्लॅन, म्हणजे बचतीशिवाय नुसतं विमाछत्र.

आता स्टुडिओ. 1 लाख 60 हजारांचे 24 हप्ते म्हणजे महिना साधारण 6,700, वर प्रोसेसिंग फी. तुमचा पैसा कापूस विकल्यावर येतो, हप्ता मात्र दर महिन्याला कापला जाणार. आणि यूट्यूबच्या जाहिरातीत वाटा मिळायलाच 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात लांब व्हिडिओ पाहिले गेल्याचे 4,000 तास लागतात. पाच मिनिटांचं भजन 48,000 वेळा पूर्ण ऐकलं जावं, तेव्हा ते तास भरतात. त्यानंतरही कमाईची खात्री कोणी देत नाही.

भजनं मात्र रेकॉर्ड कराच. कॉलेजचा 8 जीबी रॅमचा लॅपटॉप आहे म्हणता, तो पुरेल. यूएसबीवर चालणारा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), एक डायनॅमिक माइक आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन एवढं 15 हजारांच्या आतबाहेर बसतं. महागडा कंडेन्सर माइक टिनाच्या छपराखाली पंखा आणि पाऊसही टिपेल. खंजिरी आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, भिंतींना गाद्या लावा. लोडशेडिंगमध्ये लॅपटॉपची बॅटरी इंटरफेसलाही चालवते. सॉफ्टवेअरसाठी ऑडॅसिटी फुकट आहे.

ही खरेदी कापूस विकल्यावर रोखीनं करा, सोनेतारणाचे उरलेले 20 हजार आणि व्याज भरून सोनं घरी आणल्यानंतर.